ज्यांना सांगितलंत, त्यांना

"ते फडकं इकडं दे," आत्ती म्हणाल्या.

सकाळचे सहा वाजले असतील. परसातल्या नळाखाली घागर होती आणि तिच्या तोंडावर दुहेरी पांढरं फडकं धरून मी पाणी गाळत होते. आम्ही जैन. न गाळलेलं पाणी आमच्याकडं पोटात जात नाही. लग्न होऊन आल्यापासून सात वर्षं ते काम माझंच होतं.

"एवढी घागर भरते आणि देते, आत्ती."

"एवढीसुद्धा नको. तुझ्या हातचं पाणी या घरात आता कुणी प्यायचं नाही."

त्यांनी फडकं ओढून घेतलं. भरत आलेली घागर मोरीत पालथी केली आणि राख घेऊन घासायला बसल्या. एकदा घासली, विसळली, परत घासली. मी बाजूला उभी होते. घासता घासता मान वर न करता त्या म्हणाल्या, "कुठं शेण खाल्लंस, ते तुझं तुला ठाऊक. पण माझी भांडी बाटवायची नाहीत."

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. हे सगळं आदल्या दिवशीच्या एका कागदामुळं चाललं होतं.

मला दोन महिने झाले होते. चौथ्यांदा. पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं, दुसरं चौथ्यात. तिसरा मुलगा होता, साडेपाच महिन्यांचा. हातापायांची बोटं झालेली मी स्वतः बघितली होती. म्हणून या खेपेला आत्ती मला लवकरच तालुक्याच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. त्यांनी पोटुशा बायकांच्या नेहमीच्या तपासण्या केल्या आणि चार दिवसांनी बोलावलं. कागदावरच्या एका ओळीखाली तांबड्या शाईनं दोन रेघा मारल्या होत्या.

"गुप्तरोग आहे," डॉक्टर म्हणाले. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर सहा-सात माणसं बसली होती. "संबंधातनं येतो. पोरं याच्यामुळंच जातायत. नवऱ्याला घेऊन या, दोघांना इंजेक्शनं घ्यावी लागतील. आणि बाई, नवऱ्याला खरं काय ते सांगून टाका."

मी काही बोलायच्या आत आत्ती उठून बाहेर गेल्या होत्या. परतीच्या एसटीत त्या पुढं बसल्या, मी मागं. मधे तीन बाकं मोकळी होती.

मी सोळाव्या वर्षी आमच्या गावी चातुर्मासाला आलेल्या माताजींकडं, म्हणजे जैन साध्वींकडं, तीन नियम घेतले. देवाचं दर्शन झाल्याशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही. सूर्य मावळल्यावर खायचं नाही. खोटं बोलायचं नाही. पहिले दोन सोपे आहेत.

घागर पालथी झाली त्या दिवशी पहिलाच अडला. मी आंघोळ करून तांदळाची वाटी घेतली तर आत्ती उंबऱ्यात उभ्या. "बस्तीची पायरी चढायची नाही," म्हणाल्या. आमच्याकडं जिनमंदिराला बस्ती म्हणतात. "घरातल्या देवाकडंही जायचं नाही. तुझा नियम मोडला तर माझा इलाज नाही. मोठे मोठे नियम तू आधीच मोडलेस."

मी वाद घातला नाही. तसा मी कधीच घालत नाही. माहेरी सगळे म्हणायचे, त्रिशलाचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही. दुपारी बारापर्यंत तशीच बसले. मग पोटातल्याची आठवण झाली आणि उठले. बस्तीच्या आवारात दारासमोर मानस्तंभ आहे, उंच दगडी खांब. त्याच्या माथ्यावर चारी दिशांना भगवंताच्या मूर्ती असतात. आवाराच्या बाहेरून, रस्त्यावरूनही दिसतात. मी पिठाच्या गिरणीजवळ उभी राहून मान वर करून दर्शन घेतलं. घरी येऊन पाणी प्याले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

तिसऱ्या दिवशी मालूताईंनी मला गिरणीजवळ बघितलं. त्या आमच्या शेजारच्या, आत्तींच्या बरोबरीच्या. लांबूनच पदर तोंडाला लावून त्यांनी रस्ता बदलला. तेव्हा मला कळलं की हे घरात राहिलेलं नाही.

त्याच संध्याकाळी हे आले. द्राक्षबागांच्या औषधांची यांची एजन्सी होती. महिन्यातले दहा-बारा दिवस विजापूर, सोलापूर असा दौरा असायचा. बूटही काढले नव्हते तोवर आत्तींनी कागद पुढं केला.

"वाच. तुझ्या बायकोचे गुण वाच."

यांनी वाचला. चेहरा उतरला, अगदी पांढरा पडला. कागदाची घडी घातली, परत उघडला, परत वाचला.

"विचार तिला," आत्ती म्हणाल्या. "माझ्यासमोर विचार, कुणाचं आणलं म्हणून."

"आई, आत्ता नको. दमून आलोय."

"विचार म्हणते ना, भूपाल!"

"गावात कुणाला बोललीस?" यांनी विचारलं.

"मी कशाला बोलू? मालूला तेवढं बोलले. आणि उपाध्येंना सांगावं लागलं, बस्तीत जायचा प्रश्न म्हणून."

बस्तीतल्या पुजाऱ्यांना आम्ही उपाध्ये म्हणतो. हे डोकं धरून खाली बसले. "आता आणखी कुणाला बोलायचं नाही," एवढंच म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही, रागावले नाहीत, एक अक्षर विचारलं नाही. मी दाराआड उभी होते. माझ्या मनात आलं, केवढं मोठं मन आहे या माणसाचं. दुसरा असता तर मारलं असतं. मी तिथंच उभ्या उभ्या हात जोडले, देवाला आणि यांना एकदमच.

दुसऱ्या दिवशी हे सांगलीला जाऊन आले. आले ते खुर्चीत एका कुशीवर टेकूनच बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"मोटारसायकल घसरली."

पँटला धूळ नव्हती. मी तेल गरम करून आणलं. "राहू दे," म्हणाले. आत्तींनी ती वाटी माझ्या हातातून न घेता खाली ठेवायला लावली आणि मी वळल्यावर तेल बाहेर फेकून दिलं.

"ती इंजेक्शनं," मी यांना हळूच म्हणाले, "दोघांना घ्यायची आहेत म्हणत होते डॉक्टर."

"बघू."

"काही बघायचं नाही," आत्ती आतून म्हणाल्या. "त्या दवाखान्यात परत जाऊन तालुकाभर बोंब करायचीय? नाहीतरी हेही जाणार आहे. गेलेलं बरं. निपाणीच्या बाळाबाईची पोरगी अजून आहे लग्नाची. बारावी झालीय. निरोगी आहे."

त्या हे माझ्यासमोर बोलत होत्या, भाकरी थापता थापता. हे ऐकत होते. पुढ्यातली भाकरी त्यांनी मोडली, कालवणात बुडवली आणि खाल्ली.

आठव्या दिवशी माझा डावा पाय दुखायला लागला. सकाळी पोटरी जड होती, दुपारपर्यंत खांबासारखी सुजली. कातडी ताणून चकाकत होती, हात लावला तर गरम. मी भिंतीला धरून उभी राहिले.

"रोग बाहेर पडायला लागला," आत्ती म्हणाल्या. "पायातनं निघालाय. उद्या तोंडावर निघेल."

संध्याकाळी मला धाप लागली तेव्हा मात्र यांनी जीप आणली. आत्ती बरोबर आल्या नाहीत. जीप सुटताना यांना एवढंच म्हणाल्या, "काही झालं तर आधी मला फोन कर, तिच्या माहेरी नको."

मिरज आमच्यापासून बारा मैल. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात मला डॉक्टर मुजावर भेटल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर सरकवलेला आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी शिंप्याची असते तसली टेप घेऊन माझ्या दोन्ही पोटऱ्या मोजल्या.

"डावी दोन इंच जास्त. आत शिरेत रक्त गोठलंय. पलंगावरनं उतरायचं नाही, कळलं? त्यातला तुकडा सुटून छातीत गेला तर मी काही करू शकणार नाही. थोडा गेला असेलही, म्हणून धाप लागली." लगेच दंडात सुई, लगेच सलाईन. मग त्या खुर्ची ओढून बसल्या. "आता सांगा. किती वेळा दिवस गेले? किती गेलं? कितव्या महिन्यात?"

मी सांगितलं. यांनी पिशवीतून जुने कागद काढून दिले. चाळता चाळता त्यांचा हात तांबड्या रेघांवर थांबला.

"हे तुम्हाला काय म्हणून सांगितलं?"

हे खिडकीबाहेर बघायला लागले. मीच सांगितलं, डॉक्टर म्हणाले होते त्याच शब्दांत.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मला कुणी विचारलं नाही."

"मी विचारते."

"माझ्याकडून काही झालेलं नाही."

"बरं," म्हणून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. एवढंच. मी वाट बघत होते की आता पुढचं काहीतरी विचारतील, शपथ घाला म्हणतील. त्या नर्सला म्हणाल्या, "हिचं रक्त घे. चार नळ्या. आणि यांचंही घे."

"माझं कशाला?" हे म्हणाले.

"लग्न झालंय ना तुमचं हिच्याशी? मग हात पुढं करा."

रक्ताच्या दोन तपासण्या तिथंच झाल्या, एक नळी मुंबईला गेली. नऊ दिवस मी पलंगावर होते. दर्शनाची पंचाईत होती. नर्सनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटं लावून दिलं. त्याच्यावर पेन्सिलीनं मी मुक्त जीवांच्या जागेची, सिद्धशिलेची चंद्रकोर काढली. त्याला हात जोडून पाणी प्यायचे. दवाखान्याचं जेवण सहाच्या आत मागायचे तर आया म्हणायची, "तुमच्या देवाला पण संध्याकाळी दार लावायची घाई आहे बघा." ती एकटीच त्या दिवसांत माझ्याशी चेष्टेनं बोलली.

दहाव्या दिवशी डॉक्टर मुजावरांनी आम्हा दोघांना त्यांच्या खोलीत बोलावलं. मला चाकाच्या खुर्चीवरून नेलं.

"तुम्हाला तो रोग नाही," त्या मला म्हणाल्या. "कधीच नव्हता. ती स्वस्तातली तपासणी जंतू शोधत नाही. जंतू आला की रक्तात एक प्रकारची द्रव्यं तयार होतात, ती शोधते. तुमच्या शरीरात तसलीच द्रव्यं आपोआप तयार होतात, स्वतःच्याच विरुद्ध. म्हणून ती तपासणी फसली. खात्रीची तपासणी मी केली, त्यात काही नाही. मुंबईच्या रिपोर्टात मात्र ती द्रव्यं भरपूर आहेत." त्यांनी नाव सांगितलं, अँटिफॉस्फोलिपिड. मी ते तीन वेळा म्हणून पाठ केलं. "याची गंमत अशी, की नळीत तुमचं रक्त गोठायला वेळ लावतं आणि अंगात नको तिथं गोठतं. आता पायात गोठलं. आधी तीन वेळा वारेत गोठलं असणार. बाळाला रक्तच पोचलं नाही. दीड महिन्यानं मी परत एकदा तपासीन, पण औषधाला तोवर थांबणार नाही."

माझ्या डोळ्यांसमोर ती बोटं आली. मी मांडीवरची चादर घट्ट धरली.

"आणि माझं?" यांनी विचारलं.

"तुमचं रक्त स्वच्छ आहे. दोन्ही तपासण्या."

"म्हणजे मला काहीच नाही? नव्हतंच?"

"नव्हतंच."

यांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. हसलेसुद्धा. "म्हणजे ती दोन इंजेक्शनं उगाच टोचून घेतली की," म्हणाले.

"कुठली इंजेक्शनं?" डॉक्टरांनी चष्मा खाली ओढला.

यांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला.

"कधी घेतलीत?"

"तो रिपोर्ट बघितला त्याच्या दुसऱ्या दिवशी. सांगलीत. खबरदारी म्हणून."

"हिला दिलीत?"

"नाही."

"स्वतः घेतलीत आणि पोटुशी बायको तशीच ठेवलीत," डॉक्टर म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता. मग माझ्याकडं वळून, "तुम्हाला काही विचारायचंय?"

मला डॉक्टरांना विचारायचं नव्हतं. यांनी खुर्ची ढकलत मला व्हरांड्यात आणलं आणि मी म्हणाले, "थांबा इथं."

थांबले.

"तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत."

"काय?"

"कुणाचं आणलंस म्हणून. आत्ती पहिल्या दिवसापासून तेच विचारत होत्या. तुम्ही एकदाही नाही. मला वाटलं, विश्वास आहे म्हणून. पण ज्याला ठाऊक नसतं तो विचारतो."

हे खुर्चीच्या मागं उभे होते. मला तोंड दिसत नव्हतं.

"एकदाच," मागून आवाज आला. "तीन वर्षांपूर्वी. विजापूरला. ते डीलर लोक बरोबर होते, ओढून नेलं. एकदाच गं."

"त्या साडेपाच महिन्यांच्या आधी की नंतर?"

"आधी."

म्हणजे त्या मुलाला पुरून आले तेव्हाही मनात होतं. नंतर आत्तींनी माझ्या हातची घागर पालथी केली, निपाणीची मुलगी काढली, तेव्हाही मनात होतं.

"पण आता रोगच नाही ना," हे पुढं येऊन खाली बसले. माझ्या खुर्चीचा दांडा धरला. "त्रिशला, मग सांगायचं कशाला? आईला म्हणू, रिपोर्ट चुकला. तुझं नाव मोकळं, सगळं मोकळं. कोणाला काही कळायची गरज नाही."

मी दांड्यावरचा त्यांचा हात काढला आणि चाक वॉर्डकडं वळवलं.

दुपारी नर्स मला इंजेक्शन घ्यायला शिकवत होती. रक्त गोठू नये म्हणून दिवसातून दोनदा, पोटाच्या कातडीखाली, बाळंतपणापर्यंत. डॉक्टर मुजावर आल्या तेव्हा मी विचारलं, "यात प्राण्याचं काही असतं का?"

त्यांनी नर्सला बाहेर पाठवलं. "डुकराच्या आतड्यातून काढतात," म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून तेच चाललंय. तेव्हा विचारायला वेळ नव्हता."

मी हातातल्या कुपीकडं बघितलं. पाण्यासारखं निर्मळ.

"माझ्या आईला द्यावं लागलं होतं," त्या म्हणाल्या. "तिनंही हेच विचारलं होतं. आमच्यातही चालत नाही, ठाऊक आहे ना?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"खोटं सांगितलं." त्यांनी चष्मा परत कपाळावर सरकवला. "तुम्हाला सांगत नाहीये."

"दुसरं काही नाही?"

"गोळ्या आहेत. बाळंतपणानंतर जन्मभर त्याच घ्यायच्यात तुम्हाला. पण पोटातल्या बाळाला त्या चालत नाहीत. बघा, तुम्ही नाही म्हणालात तर मी जबरदस्ती करणार नाही. पण मग हे चौथंही जाईल, आणि कदाचित तुम्हीही."

मी डोळे मिटून एकदा णमोकार मंत्र म्हटला. मग पदर बाजूला केला. "शिकवा," म्हणाले. "माझी मीच घेणार. यांच्या हातून नको."

ते बाळ जगलं. हे आत्ताच सांगून टाकते, कारण ही गोष्ट त्याची नाही. आठव्या महिन्यात मुलगी झाली, पावणेदोन किलोची. ती आता मिरजेतच नोकरी करते आणि मी अजून रोज एक गोळी घेते, महिन्याला रक्त तपासते, पालेभाजी मोजून खाते.

त्याच दिवशी मला घरी सोडलं. आलो तेव्हा चार वाजले होते. आत्ती घराच्या पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. यांनी जीपमध्ये पाठ केलं असावं तसं एका दमात सांगितलं: रिपोर्ट चुकला होता, कुणालाच काही नाही, दुसरंच रक्त गोठायचं दुखणं आहे, औषधानं मूल राहतं.

आत्तींनी शेंग तोंडात टाकली. "मला वाटलंच," म्हणाल्या. "आमच्या घरात असलं कसं निघेल. बरं झालं. बस गं, त्रिशला. पाय वर घेऊन बस."

एवढंच. अठरा दिवस त्या दोन वाक्यांत गेले.

मी बसले. पिशवीतून कुप्यांचा डबा काढून मांडीवर घेतला. "आत्ती, ही इंजेक्शनं डुकराच्या आतड्यापासून करतात. रोज दोन, सात महिने. मी घेणार आहे. तुम्हाला ठाऊक असावं."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "देवा! या घरात?" मग आवाज खाली आला. "बरं, घ्यायचं तर घे. मुलासाठी आहे. पण मला सांगितलंस कशाला? मला कळलं नसतं, कुणालाच कळलं नसतं."

"नियम मोडायचा तर सांगून मोडावा. माताजींकडं जाऊन प्रायश्चित्तही घेईन. या घरात न सांगता मोडलेले आहेत, त्यांच्यात मला बसायचं नाही."

"कुणी मोडलेत?"

मी यांच्याकडं बघितलं. "तुम्ही सांगता, का मी सांगू?"

"त्रिशला," हे म्हणाले. "आपलं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं. मला खोटं बोलता येत नाही. त्यांनी विचारलंय."

यांनी सांगितलं. जमिनीकडं बघत, टरफलांकडं बघत. विजापूर, डीलर, एकदाच. इंजेक्शनांचंही सांगितलं.

मी आत्तींचा चेहरा बघत होते. आता त्या उठतील, यांचं ताट वेगळं करतील, यांना उंबऱ्याच्या बाहेर काढतील, असं मला खरोखर वाटत होतं. त्यांनी सूप उचललं, टरफलं पाखडली.

"पुरुष आहे तो," म्हणाल्या. "बाहेर हिंडतो. होतं कधी. हे आता या सोप्याच्या बाहेर जायला नको."

"माझं गेलं ना बाहेर."

"ते... ते चुकून गेलं."

"तुम्ही बस्तीत जाऊन सांगितलंत, आत्ती. उपाध्येंना आणि मालूताईंना. उद्या सकाळी मी दर्शनाला येणार आहे, तेव्हा तुम्ही बरोबर यायचं. ज्यांना सांगितलंत, त्यांना सांगायचं, की मी निर्दोष आहे."

"मी? मालूसमोर मान खाली घालू?"

"माझी घातलीत तशी."

"सासू आहे मी तुझी!"

"होय."

"आणि नाही आले तर?"

"तर मीच सांगेन. मग त्या विचारतील, हे झालं कसं, नवऱ्यानं काय केलं. विचारलं की मी उत्तर देणार. सगळं."

माझा आवाज तेवढाच होता, नेहमीचा. आत्तींनी माझ्याकडं असं बघितलं, जणू सात वर्षं घरात वावरणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. त्या नजरेत पश्चात्ताप नव्हता. द्वेष होता, निखळ. पुढं त्या बावीस वर्षं जगल्या आणि तो कधी पुसला गेला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

सूर्य मावळायला थोडा वेळ होता. मी दोघांच्या समोर पहिलं इंजेक्शन घेतलं आणि मग जेवायला बसले.

सकाळी त्या आल्या. माझ्या पायाला पोटरीपर्यंत पट्टी होती, मी हळू चालत होते. त्या दहा पावलं पुढं होत्या, थांबत नव्हत्या. बस्तीत नुकताच अभिषेक आटोपला होता. बायका अभिषेकाचं पाणी, गंधोदक, डोळ्यांना लावत रांगेनं बाहेर येत होत्या. मला पायरीवर बघून पुढच्या दोघी मागं सरकल्या. उपाध्ये गाभाऱ्याच्या दारात हात पुसत उभे राहिले.

आत्ती मालूताईंच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"मालू, ते आमच्या त्रिशलाचं... तसं काही नव्हतं बघ."

"काय?" मालूताईंनी कानामागं हात धरला. "मोठ्यानं बोल की. मला कुठं ऐकू येतंय."

आत्तींनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी पायरीवरून हलले नाही.

"तिला तो रोग नव्हता!" आत्ती मोठ्यानं म्हणाल्या. मंडपात आवाज घुमला. रांगेतल्या बायका थांबल्या. "डॉक्टरची चूक झाली."

"डॉक्टरची?" उपाध्ये म्हणाले. "पण तुम्ही तर म्हणत होता, अक्का, की तुम्हाला आधीपासनंच संशय..."

"माझीही चूक," आत्ती म्हणाल्या. मानेवरची शीर ताठली होती. "मी तिला नको ते बोलले. ती... आमची सून ती..."

पुढचा शब्द त्यांना सापडेना. ओठ हलले, मिटले, परत हलले. मालूताई कानामागचा हात तसाच धरून पुढं वाकल्या. मला तो शब्द ठाऊक होता. एकोणीस दिवस मी तो तोंडात धरून होते.

मी दिला नाही. आम्ही सगळ्याजणी उभ्या राहून वाट बघत राहिलो.